अकरा ते पाचची मॅडम

मनोजसाठी मुलगी पाहायला आम्ही अमरावतीला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. पोहे खाऊन हात धुवायला मी मागच्या अंगणात गेले, तर न्हाणीपलीकडच्या खोलीत बापलेकीचं भांडण लागलेलं. आवाज दाबून, पण दात-ओठ खाऊन.

"नोकरी लागून राहिली, यवढंच तं म्हनाचं हाय. जीभ झिजते काय तुही?" हे मुलीचे बाप, देवीदासभाऊ. फुलांचा धंदा त्यांचा.

"लागून नाई राहिली तं काहून म्हनू, बाबा?"

"झेंडूचे हार इकून इकून तुले डीएड केलं. ते काय पोहे वाढाले?"

"डीएड झाली म्हना. मास्तरीन झाली म्हनू नोका. वर्गात उभी राहीन तवा मास्तरीन होईन."

मी हात न धुताच परत आले आणि मनोजच्या कानात म्हटलं, हीच कर. खरं बोलणारी सून घरात आली की आपल्यालाही खरं ऐकावं लागतं, हे मला पुढं कळलं.

रागिणी अकोल्याला, आमच्या जठारपेठेतल्या घरात आली तेव्हा तिच्या पेटीत साड्यांच्या खाली तक्ते निघाले. पानाचे भाग, पावसाचं चक्र, पाळीव प्राणी. सगळे डीएडला असताना तिनं हातानं काढलेले. असं रुखवत मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिला एक वर्ग पाहिजे होता. बाकी तिनं कधी काही मागितलं नाही. भरती निघायची वाट पाहिली, ती निघेना. निघाली तेव्हा नवीन परीक्षा आली. ती परीक्षा द्यायला ती एका हातात पुस्तक नि पोटात हर्षा घेऊन गेली. मग हर्षा झाली, आणि हळूहळू भरतीचं वय पुढं सरकून गेलं. मनोज कृषी केंद्रावर कामाला. तो संध्याकाळी यायचा, जेवायचा, बियाण्यांच्या बातम्या सांगायचा. ती हूं हूं करायची. तिचं लक्ष त्या तक्त्यांत.

मग ते कोरोनाचं साल आलं. शाळा बंद झाल्या तेव्हा हर्षा पाच वर्षांची होती. गल्लीतली सगळी पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. रागिणीनं पुढच्या खोलीतला दिवाण भिंतीला सरकवला, एक फळा आणला, तक्ते टांगले आणि वर्ग भरवला. अकरा वाजता घंटा. घंटा म्हणजे पितळेचं ताट नि लाटणं, आणि वाजवणारी मी.

"शिपाई पार्बताबाई, घंटा द्या," असं म्हणायची ती मला. मी स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली. दुसरीत आमचे मास्तर बदलून गेले, तेव्हा त्यांच्यासोबत मीही शाळेतून गेले. त्या मला या वयात नोकरी लागली. पगार नव्हता, पण घरात दोघी डीएडवाली अन् दुसरीवाली असून लागली ती मलाच.

शाळेचा नियम एक होता. अकरा ते पाच घरात आई नाही, मॅडम आहे. आत येताना विचारायचं, पाण्याला जाताना विचारायचं. मॅडमची भाषाही दुसरी. "हर्षे, पावडरचा डब्बा कुठी टाकला वं?" म्हणून ओरडणारी बाई घंटा झाली की "हर्षा बाळ, पुस्तक उघडा" म्हणायची. साडीसुद्धा बदलायची. हजेरीत एकच नाव, तरी ते घेताना ती मान उचलून सगळ्या वर्गावर नजर फिरवायची. मागं मी लसूण सोलत बसलेली, माझ्यावरूनही फिरायची.

पोरगी शिकली, खोटं कशाला बोलू? दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, एसटीच्या पाट्या वाचायला लागली. माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट वाचून म्हणाली, "आजी, हे उपाशीपोटी घ्यायचं नाही." मी ते उपाशीपोटीच घेत होते, आणि पोट जळतं म्हणून देवाला बोल लावत होते. रागिणीच्या अंगावर त्या दिवसांत मांस चढलं. भाकरी थापताना गाणं म्हणायची.

शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा मनोज म्हणाला, "आता हर्षाचं नाव टाकून देऊ. चौकापाशीच तं शाळा हाय."

"तिथं एका वर्गात किती पोट्टे हाय, मोजले काय? पोरगी मागच्या बाकावर हरपून जाईन."

"तं काय झालं? आपन नाई शिकलो काय तसेच?"

"म्हनूनच म्हनून राहिली."

"अवं, एका पोट्टीचा वर्ग असते काय कुठी?"

"माहा हाय."

"माय, तू सांग ना हिले काही!"

"मी नोकरीत हाय रे बाप्पा," मी म्हटलं. "मले मॅडमच्या विरोधात बोलता येत नाई."

तो हसला, आणि तो विषय तिथं मिटला. तेव्हा बोलले असते तर, असं लोक म्हणतात. मी काही म्हणत नाही. शाळा तिचीच होती.

सगळेच दिवस चांगले गेले असं नाही. कधी हर्षा पाटी फेकायची. कधी बाहेर पोरं लंगडी खेळत असली की ती खिडकीच्या गजांना चिकटायची आणि मॅडम तिला खिडकीकडं पाठ करून बसवायची. एकदा बेरीज चुकली, पुन्हा चुकली, पुन्हा चुकली, तशी मॅडमनं कान ओढला. पाचची घंटा झाल्यावर रागिणी आई होऊन त्याच कानाला तेल लावत बसली.

"कोनं वढला वं कान माह्या लेकराचा?"

"मॅडमनं."

"लय खराब हाय ते मॅडम."

"लय!"

दोघी हसल्या. मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

तिवशाला नात्यातलं एक लग्न होतं. तिथं पाण्याच्या ड्रमापाशी हर्षा हात वर करून उभी राहिली. पोरं येत होती, गिलास बुडवत होती, पिऊन जात होती. ही उभीच. एका पोट्ट्यानं विचारलं, "वो बाई, तुले काय बस थांबवाची हाय?" सगळे खिदळले. मग तिनं मांडवातून मोठ्यानं विचारलं, "मॅडम, मी पाणी पिऊ का?" बायका इकडं तिकडं पाहायला लागल्या, की इथं मॅडम कोण आली म्हणून. रागिणी उठली, गिलास भरून दिला. त्या दिवशी रविवार होता.

 

मार्च महिन्यात ते झालं. मधली सुट्टी होती. हर्षा गच्चीच्या पायऱ्यांवर एकटीच खेळत होती. मॅडम फळ्यावर दुपारचा पाठ लिहीत होती आणि मी आतल्या खोलीत घटकाभर पाठ टेकली होती. दारातून आवाज आला, "मॅडम, मी आत येऊ का?"

मॅडम न वळताच म्हणाली, "या."

मग वळली. हर्षाची हनुवटी फाटलेली होती. रक्त फ्रॉकवरून गुडघ्यापर्यंत आलेलं. हात बाजूला सरळ ठेवून, रडू आवरून, पोरगी उंबरठ्याबाहेर उभी होती. विचारल्याशिवाय आत आली नव्हती.

डॉक्टरानं टाके घातले. तेव्हाही ती रडली नाही. घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हर्षाला दिवाणावर निजवलं, रागिणी तिच्या पायाशी बसली. थोड्या वेळानं पोरगी म्हणाली, "मॅडम, मला भूक लागली आहे."

रागिणी म्हणाली, "शाळा सुटली ना वं, हर्षे."

 पोरीनं विचारलं, "मग मी कोणाला सांगू?"

मी भात गरम करायला आत गेले. माझ्यानं तिथं उभं राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना रागिणी मनोजला म्हणाली, "तुमी नाव टाकून या तिचं."

मनोजचा कप हातातच राहिला. "काल परेंत तं..."

"आज म्हनून राहिली."

"काही झालं काय?"

"काही नाई. चहा घ्या, थंडा होते."

ज्याला दोन वर्षं हेच पाहिजे होतं, तो थंड झालेला चहा पिऊन नाव टाकायला गेला. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंतही घरात पुन्हा वर्ग भरला नाही. दिवाण आपल्या जुन्या जागी आला. तक्ते तिनं काढले नाहीत आणि त्यांच्याकडं पाहिलंही नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती स्वयंपाक करायची, धुणं धुवायची, विचारलं तर उत्तर द्यायची. गाणं तेवढं बंद झालं.

शाळेचा पहिला आठवडा हर्षा आम्हा कोणाला कोणत्याच नावानं हाक मारत नव्हती. समोर येऊन उभी राहायची, आपण ओळखायचं. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस गल्लीतल्या दोन पोरींच्या मागं धावत आली आणि त्यांच्यासारखीच फाटकातून किंचाळली, "आई, दार उघड वं! मले सू लागली!"

माझे डोळे भरून आले. रागिणीनं दार उघडलं. म्हणाली, "चपला बाहेर काढ." बस, एवढंच.

त्याच आठवड्यातला बुधवार. सरकारी शाळेत पोरांना एखाद्या दिवशी खिचडीवर केळ देतात, म्हणून आमच्या शाळेतही बुधवारी केळ असायचं. एक विद्यार्थ्याला, एक शिपायाला. ते आणायला मॅडम स्वतः चौकात जायची. त्या बुधवारी हर्षा शाळेत होती. रागिणीनं हातातलं काम ठेवलं, साडी बदलली, पिशवी घेतली.

"येते, आत्याबाई."

"ऊन लय हाय वं."

"येतेच, हे गेली अन् आली."

खिडकीतून मला ती चौकातल्या केळीच्या गाडीपाशी दिसत होती. तिनं घडावरून नेहमीसारखा हात फिरवला, डागाची केळी बाजूला केली. गाडीवाल्यानं काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. पदर डोक्यावर घेऊन ती सावलीसावलीनं परत आली. घरात येऊन दोन केळी नळाखाली धुतली. एक माझ्या हातात दिलं. दुसरं ताटलीत ठेवून वर ओला फडका झाकला, आणि मग कणीक मळायला बसली.