कंसातला मालक

"कोतवाल भाऊ, माझ्या वावराला हा दुसरा मालक कुठून आला?"

तुळसाबाईनं कागद माझ्या नाकासमोर धरला. कॉम्प्युटरचा नवा सातबारा. जमीन कुणाची ते सांगणारा कागद. मी वाचला. तिच्या नावाच्या वर शेषरावाचं नाव. शेषरावानं ते दोन एकर तिला विकून पंधरा वर्षं झाली होती. तिनं मेंढरं विकून ते घेतलं होतं.

"त्याचा पोरगा नांगर घिऊन बांधावर उभा हाय. म्हनते, सरकारनंच अर्धं देल्लं."

शिरड शहापूरच्या पलीकडं आमचं गाव. मी तिथला कोतवाल. तलाठ्याचं दफ्तर वाहायचं, दवंडी द्यायची, नोटिसा पोचवायच्या. शाळा चौथीपर्यंत. पण रजिस्टरमधलं कसलंही अक्षर मला तलाठ्याच्या आधी लागायचं. हे मी आजही सांगतो.

दफ्तर काखेत मारलं, बाईला घेतलं, एसटीनं तालुक्याची कचेरी गाठली. रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या ऑपरेटर मॅडम नांदेडच्या.

"मॅडम, हे काय करून ठिवलं? डोळे झाकून टाईप करता काय?"

"व्हय मामा. रजिस्टरकडं मी पाहिलंच नाही. तुम्ही वाचलं, मी टाईप केलं."

मी रजिस्टर उघडून बोट ठेवलं. शेषरावाच्या नावाला लाल कंस होता. "हा दिसून राहिला का? मालक बदलला की जुनं नाव खोडत न्हाईत, कंस करतात. आमच्याकडं लहान लेकरूबी सांगंल."

"मग वाचताना का नाही सांगितलं?"

आठ दिवस मी खणखणीत वाचलं होतं. एक नाव गाळलं नव्हतं. गाळणं मला बेइमानी वाटायचं. पण कंस डोळ्याला दिसतो, तोंडातून निघत नाही. चूक माझ्याच तोंडाची होती.

"मामा, असे कंस किती?"

"दर पानावर."

मॅडमनी कपाळावर हात मारला. गावातले सगळे जुने मालक मी पुन्हा वावरात आणून बसवले होते.

तहसीलदार साहेबांनी कागद पाहिला. "तलाठ्याची सही झालीय. दुरुस्तीचा अर्ज द्या. नंबरानं होईल."

"तवर वावर नांगरून होईन, साहेब. चूक माझी हाय, लिहून घ्या. मला काढा. पन हिचा कागद आज द्या."

साहेबांनी रजिस्टर ओढून लाल कंसावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "आधी हिचं पान. उद्यापासून सगळं गाव पुन्हा."

मी वाचायला बसलो. तुळसाबाई मागून म्हणाली, "भाऊ, आता तरी बराबर वाचा."

"शेषराव. गेला."

मॅडम थांबल्या. "वारले?"

"न्हाई. खातो-पितो मजेत. वावरातून गेला."

दिवस मावळायच्या आत कागद तिच्या हातात पडला. बांधावर शेषरावाच्या पोरानं तो तीनदा वाचून घेतला आणि बैलं सोडली. मला मेमो मिळाला. त्यावर मी अंगठा नाही, सही केली. पुढं गावाची सगळी पानं बारा दिवस वाचली, या वेळी मॅडमना शेजारी बसवून, पान दाखवत.

मशीन चुकलं म्हणून लोक शिव्या देतात. मीही दिल्या. आधी विचारावं, त्याला सांगितलं कोणी. सांगणारा आपणच निघालो तर शिव्या गिळाव्या लागतात. मी गिळल्या.