पीएचडी, तीही हसण्यावर!

हसण्यावर पीएचडी केली की प्रबंध एकच होतो, किस्से मात्र ढीगभर साठतात. माझा प्रबंध आजवर एकाही पाहुण्याने मागितलेला नाही. किस्से चहाच्या आधीच मागतात!

*

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. वाशीच्या कॉलेजात मी नवी लेक्चरर. गाइड सर म्हणाले, "मॅडम, विषय बदला. व्यसनावर करा. हसण्यात कसला अभ्यास?"

"सर, दारू सगळे पीत नाहीत. हसतात सगळेच!"

सरांनी सही केली. न हसता.

*

विषय ऐकून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खूश. "मग गॅदरिंगला चार जोक सांगा की!"

माझं डोकंच फिरलं. "दुसऱ्या मजल्यावर सर्जन राहतात. त्यांना स्टेजवर ऑपरेशन करायला लावता का?"

*

कळंबोलीत ट्रक ड्रायव्हरांकडून फॉर्म भरून घेत होते. प्रश्न पहिला: दिवसातून किती वेळा हसता?

साताऱ्याकडचे एक ड्रायव्हर गंभीरपणे म्हणाले, "ह्यो प्रश्न धरून, का सोडून?"

सर म्हणाले, उत्तर बाद करा. मी मुळीच केलं नाही.

*

उरणकडच्या एका गावात हिराबाई होत्या, लग्नात गाणी म्हणणाऱ्या धवलारीण. हळदीला त्या नाव घेऊन कुणाचीही चेष्टा करत, आणि रागवायचं नाही हा तिथला नियम. मी कोपऱ्यात बसून कोण किती हसलं ते लिहीत होते. त्यांनी मलाच गाण्यात ओढलं: सगळा मांडव हसतो, वाशीची बाई लिहीत बसते!

पुढचं पान कोरं. सरांनी विचारलं, "डेटा कुठाय?"

"सर, मी हसत होते."

*

त्याच गावात सरकारने गावची शेतं घेतल्याची नोटीस साहेबांनी वाचली, तेव्हा सगळं गाव खो खो हसलं. मी तिथे होते. त्यावर मी एक प्रकरण लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं, हे खोटं आहे, काढा, नाहीतर डिग्री विसरा.

चार वर्षांची मेहनत होती. रात्रभर रडले, पण काढलं नाही. तोंडी परीक्षेला हिराबाईंनाच घेऊन गेले.

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, शेत गेलं त्या दिवशी तुम्ही खरंच हसलात?"

"हासलो."

"शेत जाताना कुणी हसतं का?"

हिराबाई खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या. "रडलो आसतो, तं नोटीस परत नेली आसती का?"

परीक्षक प्रबंधाची पानं चाळू लागले.

"बोला ना, सायेब!"