सुतळीनं शिवलेली सोळा पानं

हे सगळं असंच घडलं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं, लाखो वर्षांपूर्वीच्या दगडांबद्दल ठाम बोललो. पण एका रविवारी दुपारी कोण काय म्हणालं, याबद्दलची माझी खात्री रोज थोडी झिजते. चार माणसं दर आठवड्याला एकाच टेबलाभोवती बसली की किस्से आपोआप साचत जातात, नदीच्या गाळासारखे. वरचा थर हसण्याचा. त्याच्याखाली एकच प्रश्न: देवरेंनी ती पानं वाचली होती का? प्रश्न मीच उभा केला होता, म्हणून तो मलाच सोडत नाही.

आधी खेळ सांगतो. पुस्तकातल्या एका काल्पनिक देशात जाऊन राहायचं. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. गोष्ट मी चालवायचो. कुसुमताई शरणपूर रोडजवळच्या एका वाचनालयात ग्रंथपाल. रविवारी बंद असलेल्या त्यांच्या वाचनकक्षातच आम्ही बसायचो. शरदराव पिंपळगावचे द्राक्षांचे व्यापारी. आणि देवरे मूळचे नामपूरचे, नाशिकच्या शाळेत गणित शिकवणारे. काळ नव्वदच्या दशकातला, आणि आम्ही सगळे चाळिशी ओलांडलेले! माझी बायको म्हणायची, "त्यापेक्षा पत्ते खेळा. निदान लोकांना सांगता तरी येईल."

*

कुसुमताईंच्या भावानं परदेशातून जुन्या पुस्तकांची पेटी पाठवली. त्यात एकाच देशाची माहिती देणाऱ्या दोन आवृत्त्या निघाल्या. एक जुनी, पातळ, काळ्या-पांढऱ्या चित्रांची; तिच्या दोन प्रती. दुसरी नंतरची, जाड, रंगीत. कॅम्पेन, म्हणजे महिनोन्महिने चालणारी सलग गोष्ट, कोणत्या पुस्तकावर चालवायचं, यात तीन रविवार गेले. खेळ सुरूच नाही!

जाड पुस्तक मी नाकारलं. त्याच्या नकाशात एक नदी चक्क डोंगर चढत होती.

"या देशात मी राहणार नाही," मी म्हणालो.

देवरे हसले. "सर, ड्रॅगन उडतो ते चालतं, आणि नदी चढली ते चालत नाही?"

"ड्रॅगनवर माझी पीएच.डी. नाही!"

*

शरदराव पुस्तकसुद्धा मालासारखं पारखायचे. पानं दाबून बघायची, वास घ्यायचा. त्यांनी जुन्या आवृत्तीला मत दिलं. "नव्या मालाला नुसता रंग असतो, डॉक्टरसाहेब. टिकतो जुनाच."

पहिल्याच महिन्यात आमची मंडळी बर्फाच्या गुहेत ड्रॅगनसमोर उभी राहिली. देवरेंनी तलवार उपसली.

"थांबा, मारू नका!" शरदराव ओरडले. "गुहेचं टेंपरेचर किती?"

पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी घाबरत म्हणालो, "शून्याच्या आसपास असावं."

"मग त्याला पार्टनर करून घ्या. असं कोल्ड स्टोरेज आख्ख्या तालुक्यात नाही!"

*

कुसुमताईंचं वेगळंच. एकदा राक्षस जादूच्या ग्रंथालयावर चालून आला. सगळे पळाले. कुसुमताई दारात उभ्या राहिल्या.

"चपला बाहेर. सभासद आहात का?"

फासा टाकला. पूर्ण वीस पडले! राक्षस मुकाट्यानं परत गेला.

*

आता टाक्यांचं. जुन्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण फक्त गोष्ट चालवणाऱ्यासाठी असतं. देशातली सगळी गुपितं त्यात. एक प्रत माझ्या कपाटात, कुलपात. दुसरी बाकीच्यांत फिरायची. म्हणून कुसुमताईंनी त्या प्रतीच्या शेवटच्या सोळा पानांभोवती ब्राऊन पेपर गुंडाळला, आणि शरदरावांनी कांद्याची पोती शिवायच्या दाभणानं त्यावर सुतळीचे टाके घातले.

कागद गुंडाळताना कुसुमताईंनी मान दुसरीकडे वळवली होती.

"अहो, बघून तरी गुंडाळा," शरदराव म्हणाले.

"आणि चुकून एखादी ओळ दिसली म्हणजे?"

त्या टाक्यांचा आम्हाला केवढा अभिमान! जगात लोक काय काय फोडत होते. आमचं शिवलेलं होतं.

*

नवं शतक लागलं. एका दिवाळीच्या सुट्टीत देवरे ती प्रत नामपूरला घेऊन गेले. परत आली तेव्हा तपकिरी सुतळीच्या जागी पांढरा दोरा होता.

"उंदरानं सुतळी कुरतडली, सर. मी पुन्हा शिवलं."

त्याच रविवारी गोष्टीत एक उजाड शहर आलं. शहरात राजवाडा, देऊळ, बुरूज, सात विहिरी. देवरे सरळ तिसऱ्या विहिरीपाशी गेले. "उतरतो खाली."

भुयाराचं दार तिथंच होतं. ते फक्त शेवटच्या प्रकरणात लिहिलेलं होतं.

मी पुस्तक मिटलं. "देवरे, तुम्ही पानं वाचलीत."

"नाही, सर. तुम्हीच म्हणालात, बाकीच्या विहिरींवर गवत माजलंय, हिच्यावर नाही. आमच्या बागलाणात उजाड वस्तीत माणूस आधी विहीर बघतो."

मी खरंच गवताचं म्हणालो होतो का? मला आठवेना. जे आठवत नाही ते मी बोललोच नाही, असं मी धरून चाललो.

शरदराव म्हणाले, "मग टाके उसवून बघू ना! हात लागला असेल तर कळेल."

"नको," मी म्हणालो. "उसवलं तर सगळ्यांचाच खेळ जाईल."

देवरेंनी आपला फासा टेबलावर ठेवला. रागावले की ते गावच्या बोलीत जायचे. पण त्या दिवशी आवाज अगदी हळू होता. "मी वाचेल नही शे, सर."

जिना उतरताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, अपराधी माणूस असाच जातो!

पुढच्या रविवारी तिघं बसलो. त्याच्या पुढच्या रविवारी शरदरावांना पिंपळगावला काम निघालं.

*

मधे एकदा सटाण्याच्या स्टँडवर देवरे भेटले. केस पांढरे झालेले. नमस्कार त्यांनीच आधी केला.

"सर, रविवार चालू आहे ना?"

"हो, चालू आहे," मी म्हणालो.

रविवार बंद होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

*

कुसुमताई निवृत्त झाल्या तेव्हा कपाट आवरताना त्यांना ती प्रत सापडली. त्यांनी ती माझ्याकडे पाठवून दिली. वर चिठ्ठी: "तुमच्याकडेच असू दे."

आठवडाभर मी तिला हात लावला नाही. मग एका सकाळी चष्मा पुसला, ब्लेड घेतलं आणि देवरेंचा पांढरा दोरा कापला. ब्राऊन पेपर उलगडला. आत सोळा पानं होती. तिसरं प्रकरण: धर्मशाळा, घोडे, बाजारचे दिवस. हे पुस्तकात आधीही येऊन गेलेलं. छापखान्यात एक फॉर्म, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, चुकून दोनदा शिवला गेला होता.

मी कपाटातून माझी प्रत काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून पान-पान पडताळलं. एकदा नाही, तीनदा.

शेवटचं प्रकरण त्या प्रतीत नव्हतंच.