घरी नेलेली दोन पाकिटं

सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली, तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर होतो. चार दिवसांत बारामतीच्या दुकानांतूनही प्लेगवरचं टेट्रासायक्लिन संपलं. अंगात ताप नसलेली माणसंही कॅप्सूल मागायला येत. म्हणून डॉक्टर, सिस्टर आणि मी मिळून ठरवलं: डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी द्यायची, मी एका वेळचीच कॅप्सूल काढायची आणि सिस्टरांनी ती समोर गिळायला लावायची. घरी साठवायला कुणालाच काही द्यायचं नाही.

"तात्या, आ करा. जीभ वर," सिस्टर म्हणायच्या.

"बाई, म्या काय बाजारात आणलेला बैल हाय व्हय?"

"बैल बरा. तो गोळी गालात लपवत नाही."

सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि माझ्या घरी तांदळाच्या डब्यात त्याच कॅप्सूलची दोन पाकिटं होती. मुलीला साधी सर्दी झाली होती. तिची शिंक ऐकून मला प्लेगच आठवला, आणि दुसऱ्या दिवशी मी ती पाकिटं दवाखान्याच्या कपाटातून खिशात घातली. लहान मुलांना ते औषध देत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी नेली.

मग एका दुपारी सुरतेहून परतलेला कळस गावचा एक तरुण आला. तापानं फणफणलेला, खोकताना छाती धरणारा. सोबत आई. डॉक्टरांनी त्याला वेगळ्या खोलीत घेतलं आणि दोघांनाही औषध सुरू करा म्हणाले. कपाटात एकालाच पुरेल एवढं होतं.

"वहीत तर दोन पाकिटं जास्त दिसतायत," डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मोजताना माझीच चूक झाली असेल," त्या म्हणाल्या.

दाराशी बसलेली आई म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. त्याला द्या."

मी घरी जायला सायकल काढली. इतका मी कधीच भ्यालो नव्हतो. प्लेगला की नोकरी जाण्याला, आजही सांगता येत नाही. परत येऊन पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवली.

"सिस्टर चुकल्या नाहीत. मी नेली होती."

"आधी त्या बाईंना द्या," एवढंच ते म्हणाले.

त्या तरुणाला प्लेग नव्हता, हे पुढे कळलं. पण त्यानं मी सुटत नाही. पाकिटं डब्यात ठेवली तेव्हा कुणाला प्लेग होईल नि कुणाला नाही, हे मला कुठं माहीत होतं? त्यानंतर मी कपाट उघडलं की सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहत. विषय त्यांनी एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.