वरच्या दहा पट्ट्या

टाळ्या मी वाजवल्या आणि त्या चुकीच्या वेळी वाजवल्या. बाकी सगळं त्यातून निघालं.

पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीचा वर्धापनदिन होता. रविवार, संध्याकाळी साडेसहा, क्लब हाऊस. खुर्च्या शंभर मांडल्या होत्या, माणसं एकसष्ट आली. आमच्या वरच्या मजल्यावर एक भाडेकरू मुलगी राहते, माण गावच्या आयटी कंपनीत नोकरीला आहे. तिने स्वतःचा इलेक्ट्रिक पियानो खाली आणला होता. जॅझ वाजवणार म्हणाली. सुरू करण्याआधी तिने सांगून टाकलं, "हे लिहिलेलं नाहीये. इथे बसून जे सुचेल ते वाजवणार. शेवट कसा होईल ते मलाही माहीत नाही."

आम्ही नवरा-बायको चौथ्या रांगेत बसलो होतो. मुलीची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे बोटं दिसत नव्हती. मी सवयीने घड्याळ पाहिलं. आधी खालचे जड सूर आले, मग दोन्ही हात एकमेकांशी भांडल्यासारखे वाजायला लागले. नंतर ते हळूहळू विरळ झालं आणि थांबलं. साडेसात मिनिटं झाली होती. हॉलमध्ये कोणी हलेना. कोणीतरी सुरुवात करायला हवी म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

चार-पाच वाजल्या असतील. कोणीच साथ दिली नाही. बायकोने माझं मनगट दाबून धरलं. पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली. मुलीचे खांदे ताठ झाले, पण तिने वळून पाहिलं नाही. त्यानंतर एका मिनिटाहून जास्त वेळ सगळे तसेच बसून राहिले. हे कशाची वाट बघताहेत, ते मला कळेना. मग ती उठून उभी राहिली आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

चहाच्या टेबलाशी विषय निघालाच. शेजारचे निवृत्त टर्नर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं केलंस, थांबवायला बघितलंस. मांजर चाललं होतं पेटीवरून! तरी थांबली नाही ती."

"तसं नका बोलू," गॅरेजवाले चाचा म्हणाले. आमच्या सगळ्यांच्या गाड्या तेच बघतात. "शेवटचं मला फार आवडलं. गाडी लांबून येऊन बंद झाली की सायलेन्सर गार होताना टिकटिक करतो ना, अगदी तसं. मी तर डोळे मिटून ऐकत होतो, तेवढ्यात ह्यांनी टाळ्या पिटल्या."

सोसायटी ज्यांच्या जमिनीवर उभी आहे, ते म्हातारे बाबाही आले होते. ते चहा घेईनात. "न्हाई ओ. टिटवी वरडत हुती ती. आंगावर काटा आला माज्या. टिटवी अशी वरडली की आमी समजायचो, कायतरी वाईट व्हनार हाय."

"मला रडू आलं," बायको म्हणाली. "किती बारीक होत गेलं ते! आणि तुमचं आपलं काहीतरीच."

एकाला ते हसण्यासारखं वाटलं, एकाला गोड, एक घाबरला, एक रडली. त्यांचं आपसात काहीच जुळत नव्हतं. पण टाळ्यांच्या नंतरही काहीतरी वाजत होतं, याबद्दल मात्र चौघांचं एकमत होतं. मी कप खाली ठेवला.

माझी नोकरी इथे सांगायला हवी. मी चाकणच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स ऐकतो. छोट्या टेम्पोचे गिअरबॉक्स जोडून झाले की एकेक बंद खोलीत आणून फिरवतात. मी आवाज ऐकायचा आणि 'पास'चा शिक्का मारायचा. आतल्या एखाद्या दातेरी चाकाचा दात दुखावला असेल तर आधी अगदी बारीक शीळ येते. पुढे वर्ष-दीड वर्षाने रस्त्यावर तो दात तुटतो आणि चालत्या टेम्पोची चाकं जागच्या जागी जाम होतात. सव्वीस वर्षं मी ती शीळ पकडतोय. कारखान्यात मला 'कान' म्हणतात.

आठ वाजता आम्ही दोघं मुलीची माफी मागायला वर गेलो.

"काका, नाही आवडलं तर चालतं," ती म्हणाली. "पण मध्येच टाळ्या म्हणजे, आवर आता, असं झालं ते."

"अगं, मला वाटलं संपलं."

तिने पियानोच्या उजव्या टोकाकडे बोट दाखवलं. "शेवटचं दीड मिनिट मी अगदी वरच्या टोकाला होते. हळू वाजवत होते, पण वाजवत होते."

तिने मला पियानोशेजारी बसवलं. उजव्या टोकापासून एकेक पट्टी हलकेच दाबायला लागली. पट्टी खाली जाताना दिसत होती. बोट लाकडावर टेकल्याचा 'ठप्' तेवढा येत होता. बायको मागे उभी राहून प्रत्येक पट्टीला मान हलवत होती. मी मोजत होतो. दहा पट्ट्या झाल्या. अकराव्या पट्टीला शेजारच्या घरातून यावा तसा एक सूर आला. मी वळून पाहिलं, तर बायकोने मान हलवणं थांबवलं होतं.

"पण रेडिओवरची बासरी मला ऐकू येते की," मी म्हटलं.

"ती गाणी तुम्हाला पाठ आहेत ना, काका?"

गाणी पाठ होतीच. जुन्या मॉडेलचा गिअरबॉक्सही मला पाठ होता. त्यात शिफ्टला एकशे चाळीस यायचे, तीन-चार मी परत पाठवायचो. चौदा महिन्यांपूर्वी नवीन मॉडेल सुरू झालं, येणारे तेवढेच राहिले आणि परत जाणारे दोन दिवसांतून एकावर आले. मशीनिंग सुधारलं म्हणून साहेबांनी केक कापला होता. पहिला तुकडा मला दिला.

दरवर्षी कारखान्यात कानाची तपासणी होते. हेडफोन लावायचा, सूर आला की बोट वर करायचं. तपासणाऱ्या बाई समोरच बसतात आणि बटण दाबताना त्यांचा खांदा किंचित हलतो. तो हलला की माझं बोट वर जायचं. मी फसवतोय, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला मी लाइन इन्चार्जला गाठलं.

"भाऊ, सकाळी सकाळी चेष्टा करता का?" तो हसला. "कानाला कमी ऐकू येतंय म्हणे!"

मी शिक्का त्याच्या टेबलावर ठेवला. तेव्हा हसू थांबलं.

"आज डिस्पॅच आहे, राव. चार दिवस काढा. कोणाला बोलू नका, मी बघतो काहीतरी."

"चार दिवस म्हणजे पाचशे साठ," मी म्हटलं.

तो उठला. असेंब्लीत खेडजवळच्या एका गावचा तरुण फिटर होता, शेतकरी घरातला. इन्चार्जने त्याला बोलावून घेतलं. शनिवारी मी शिक्का मारलेले चौऱ्याऐंशी नग स्टोअरमध्ये पडून होते, ते पुन्हा खोलीत आणले. मी काचेबाहेर स्टुलावर बसलो. फिटर डोळे मिटून ऐकायचा आणि हाताने 'पुढचा' म्हणून खूण करायचा. नवव्या नगाला त्याच्या कपाळावर आठी आली. त्याने पुन्हा फिरवायला लावला, मग खडू घेऊन फुली मारली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाच फुल्या झाल्या.

"शीळ हाय, भाऊ," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "बारीक हाय, पर हाय."

मी आत जाऊन ते पाचही ऐकले. पाचही स्वच्छ वाजत होते.

इन्चार्जने ट्रक भरणं थांबवलं. घाम पुसत माझ्याशेजारी येऊन बसला.

"कधीपासून, भाऊ?"

"सांगता येत नाही. नवीन मॉडेल सुरू झालं तिथपासून धरा."

"किती होतात?"

महिन्याचे पंचवीस दिवस धरले. तोंडी हिशोबाला मला वेळ लागत नाही. "एकोणपन्नास हजार," मी म्हटलं.

"आणि ते आता..."

"रस्त्यावर."

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "हे तुम्ही लिहून देणार? तुमच्या सहीने?"

"देणार."

त्यावर तो बराच वेळ काहीतरी बोलला. मागचा कॉम्प्रेसर सुरू झाला होता, मला फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते. मी खिशातून पेन काढलं आणि त्याच्याकडे कोरा कागद मागितला.