गाळलेली ओळ
सोनोग्राफीचा लिफाफा कुणाच्या हातात दिसला की नागपूरच्या धंतोलीतली ती दुपार समोर येते. वहिनी पाचव्या महिन्यात उमरेडहून एसटीने तपासणीला आली होती. तिचं वजन मुळातच जास्त. आत डॉक्टरांनी बराच वेळ पोटावर यंत्र दाबून पाहिलं, दोनदा तिला कुशीवर वळवलं. ती बाहेर आली तेव्हा मदतनीस बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "एवढी चरबी चढवून ठेवली वं, मशीनले दिसन कसं?" बाकावरच्या दोघी हसल्या. वहिनीही हसली, पण पदराने पोट झाकत राहिली. रस्त्यावर येऊन तिने इंग्रजी रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "भाऊजी, काय लिहून आहे?" मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, ओळी गाळणं माझं रोजचं काम. डोकं, हात, पाय ठीक, एवढं वाचून दाखवलं. चरबीमुळे बाळाचं हृदय नीट दिसलं नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं, ही ओळ तिचा चेहरा पाहून सोडली. दादाला फोनवर सांगू, असं ठरवलं आणि राहून गेलं. "मंग परत यावं नाही लागत न? तिकडच्या डॉक्टरीणबाईले सांगतो, सगळं बरं आहे म्हणून." मी मान हलवली. बाळ उमरेडला जन्मलं, दुसऱ्या दिवशी निळं पडलं आणि नागपूरला नेताना वाटेतच गेलं. हृदयाचा दोष आधी कळता तर बाळंतपण नागपुरातच केलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीने मला कधीच काही विचारलं नाही. तो लिफाफा तिने कपाटात जपून ठेवला आहे. नंतर झालेली तिची मुलगी आता इंग्रजी वाचायला शिकते आहे.