तापकीर आबांचा गुरुवारचा फोन

हे किस्से मी सांगतोय खरे, पण ते याच क्रमाने घडले याची खात्री देत नाही. धातुशास्त्रात डॉक्टरेट केली तेव्हा प्रत्येक निरीक्षण मला पाठ असायचं. आता सकाळची गोळी घेतली की नाही हे डबी पुन्हा उघडून बघावं लागतं. शिवाय आमच्या मंडळींचे किस्से साठत जातात ते फोनमधल्या फोटोंसारखे. कोणी काढले, कशासाठी, काही कळत नाही, पण पुसवत नाहीत.

आम्ही चौघं चिंचवडच्या एकाच कारखान्यातून निवृत्त झालो. टूलरूमचे शेखभाई, क्वालिटीचे कांबळे, मेंटेनन्सचे तापकीर आबा आणि हीट ट्रीटमेंटच्या लॅबमधला मी. नोकरीत सुट्टी गुरुवारी असायची, म्हणून निवृत्तीनंतरही भेटायचं ते गुरुवारीच, स्टेशनजवळच्या अमृततुल्यमध्ये. मी मुलाकडे मारुंजीला राहतो, मधूनमधून बंगलोरला लेकीकडे जातो. पत्नी गेल्यापासून मुलाने धोरण ठरवलंय, "बाबा, काम असेल तर जरूर जा. उगाच बसमध्ये धक्के खात कशाला?" त्यामुळे मला काम लागायचं, हे मंडळींनाही ठाऊक होतं. ते काम म्हणजे आबांचा स्लो झालेला फोन. तो बिघडलेला होता तोवर माझा गुरुवार शाबूत होता.

पहिला उपाय शेखभाईंचा. त्यांचं म्हणणं, मशीन सुट्टीशिवाय चालवलं की बसणारच. फोनलाही साप्ताहिक सुट्टी द्या. आबांनी बुधवारी झोपताना फोन बंद केला तो थेट शुक्रवारी उघडला. मधल्या वेळातले सगळे सुप्रभात, वाढदिवस आणि दशक्रियांचे निरोप एकदम आत शिरायला लागले आणि फोन जागच्या जागी गोठला. पुढच्या गुरुवारी आबांनी जाब विचारला, तेव्हा शेखभाई शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "सुट्टीनंतरची पहिली शिफ्ट अशीच असते, आबा. तुम्ही तरी कधी वेळेवर मशीन चालू केलंत?"

मग कांबळ्यांची पाळी. कारखान्यात एक नियम होता: सहा महिने ज्या वस्तूला हात लागला नाही, तिला लाल चिठ्ठी लावायची आणि खात्यातून बाहेर काढायची. फोनला चिठ्ठी कुठे चिकटवणार? म्हणून कांबळे एकेका ॲपकडे बघून नुसते "लाल" म्हणायचे आणि मी ते काढून टाकायचो. फोनला खरंच जरा हुशारी आली. पुढे नोव्हेंबर उजाडला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला ज्यातून द्यायचा, ते ॲप वर्षातून एकदाच लागतं, हे आमच्या तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं. आणि त्यातला मी तर डॉक्टर!

आबा म्हणाले, "मी जित्ता हाय हे सांगनारंच तुमी काढून टाकलं व्हय?"

कांबळे अजिबात डगमगले नाहीत. "आबा, नियमात तुम्ही बसत नव्हता."

ते ॲप आम्ही पुन्हा घातलं. आबा रीतसर हयात झाले आणि फोन पुन्हा स्लो झाला.

आता शास्त्रीय पद्धत हवी, असं मी म्हणालो. बिघाडाचं मूळ सापडेपर्यंत 'का' विचारत राहायचं, हे आम्ही कारखान्यात शिकलो होतो. फोन स्लो का? मेमरी भरली म्हणून. ती का भरली? फुलांचे फोटो आणि सुप्रभात. ते का येतात? सारे पाहुणे रोज पाठवतात म्हणून. तुम्ही त्यांना थांबवत का नाही? आबा म्हणाले, "सकाळी माझं फूल गेलं न्हाई, तर दुपारपतुर मानसं दारात उभी ऱ्हातील डॉक्टरसाहेब, हार घेऊन."

माझं विश्लेषण तिथेच संपलं. मूळ कारण सापडलं होतं. त्यावर उपाय मात्र नव्हता.

शेखभाईंच्या भाच्याचं देहूरोडला गॅरेज आहे. फोन फार गरम होतो, म्हणजे आत धूळ बसली असणार, असं निदान करून शेखभाईंनी तिथल्या कॉम्प्रेसरची हवा त्यात मारली. आता नीट आठवत नाही, पण मी बहुधा "प्रेशर जरा कमी ठेवा" एवढंच म्हणालो होतो. थांबवायला हवं होतं का? फोन होता तितकाच स्लो राहिला, स्पीकर मात्र कायमचा गेला. आबांनी तो कानाला लावून बघितला आणि समाधानाने खिशात टाकला. "आता निदान गप तरी बसंल."

शेवटी एका गुरुवारी आम्ही सगळं पुसून फोन नव्यासारखा केला. आबांचे फोटो आधी कांबळ्यांनी आपल्या लॅपटॉपवर नीट उतरवून घेतले. स्पीकर सोडला तर फोन असा पळायला लागला की चौघंही त्याच्याकडेच बघत बसलो. चहा तसाच गार झाला.

घरी मुलाने विचारलं, झालं का काम? खोटं बोलणं मला जमत नाही, "झालं" म्हणालो. पुढच्या गुरुवारी मी मारुंजीतल्या गॅलरीत बसून समोरच्या टॉवरला प्लास्टर लागताना बघत होतो. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन. "डॉक्टरसाहेब, परत बसलं बगा. येत्या गुरुवारी यावंच लागंल."

गेलो. फोन काठोकाठ भरलेला, गावोगावच्या जत्रांमधल्या कुस्त्यांच्या लांबलचक व्हिडिओंनी. आबा म्हणाले, ग्रुपवर येतात. आम्ही पुसले. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेवढेच. हे वर्षानुवर्षं चाललं. मी दर वेळी मनातून सुखावायचो आणि बसमध्ये स्वतःला खायचो, की आपल्याला हा फोन दुरुस्त व्हायलाच नकोय, म्हणून आपल्या हातून तो होत नाहीये.

आबा गेले. त्यानंतर बऱ्याच काळाने एका लग्नात त्यांची सून वैशाली भेटली. मी माझी ती जुनी टोचणी तिला सांगितली. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अहो काका, कुस्त्या मीच भरायचे. दर बुधवारी आबा तो फोन माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, भर, गळ्यापर्यंत भर. स्वतःच्या कामाला त्यांच्याकडे दुसरा होता की, चांगला."

दर बुधवारी? मी विचारलं. ती म्हणाली, "दर म्हणजे, तुम्ही बंगलोरला लेकीकडे गेलात की त्या आठवड्यात नाही भरायचे."

माझा विश्वास बसेना. म्हणून त्याच मांडवात कांबळ्यांना गाठलं आणि विचारलं, मी बंगलोरला असायचो तेव्हा गुरुवारी तुम्ही भेटत होता का?

"भेटायचो की," कांबळे म्हणाले. "पण तेव्हा फोन नीट असायचा. नुसता चहा प्यायचो."